खळग्यांच्या जागेवरचं घर

मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला की चेहरा, डोळे, कपड्यांचे रंग सगळं बुडून जातं आणि काळी आकृती तेवढी उरते. अशा फोटोला आपल्याकडचे छायाचित्रकारही ‘सिलुएट’ म्हणतात. चित्रकार म्हणतात, नेपथ्यकार म्हणतात. हे मुळात एका कुटुंबाचं आडनाव आहे. शब्द जगभर पसरला, पण आडनाव म्हणून सिलुएट फ्रान्समध्ये आज फार थोड्या घरांत उरलं आहे. त्याचं मूळ शोधायला गेलं तर पॅरिस मागे राहतं आणि आपण फ्रान्सच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज डोंगर जिथे समुद्राला टेकतात त्या बास्क मुलुखात जाऊन पोहोचतो.

या आडनावाची कथा बहुतेक ठिकाणी 1759 सालच्या एका अर्थमंत्र्यापासून सुरू होते आणि त्याच्याच फजितीवर संपते. माझ्या मते तो या कथेचा मधला भाग आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं समजून घेतल्याशिवाय एखादं आडनाव दुर्मीळ का होतं, हे कळत नाही.

एतिएन द सिलुएट हा तो मंत्री. त्याचे वडील आर्नो हे बिआरित्झचे. आज बिआरित्झ म्हटलं की श्रीमंतांची हॉटेलं आणि लाटांवर फळ्या घेऊन झेपावणारी पोरं आठवतात. पण सम्राज्ञी युजेनीने 1854च्या सुमारास तिथे मुक्काम ठोकण्याआधी ते व्हेल मारणाऱ्या दर्यावर्दींचं गाव होतं. गावाच्या चिन्हावर अजूनही व्हेलच्या शिकारीची होडी आहे. हा लाबूर प्रांत. इथे एका बाजूला गास्कोन बोली आणि दुसऱ्या बाजूला बास्क. युरोपातल्या कुठल्याही भाषेशी बास्कचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही.

बास्कमध्ये ‘झुलो’ म्हणजे भोक, खळगा, गुहा; उत्तरेकडच्या बोलींत त्याचं ‘झिलो’ होतं. ‘एता’ हा प्रत्यय लागला की अशा गोष्टी जिथे पुष्कळ आहेत ती जागा. झुलोएता, झिलोएता म्हणजे खळग्यांची जागा. बास्क आडनावांची बांधणी अशीच असते, आणि कोल्दो मिचेलेना या भाषापंडिताने 1953 साली बास्क आडनावांवर लिहिलेल्या पुस्तकात अशा प्रत्ययांची नीट उकल केली आहे. डोंगराच्या दक्षिणेला, स्पेनमध्ये, हेच आडनाव झुलुएता झालं आणि बऱ्यापैकी पसरलं. क्यूबामध्ये साखर आणि गुलामांच्या व्यापारावर अफाट पैसा केलेला हुलियान दे झुलुएता त्यातलाच. 1930च्या दशकात स्पेनचा परराष्ट्रमंत्री झालेला लुईस दे झुलुएताही. फिलिपिन्सच्या राजकारणातही झुलुएता आहेत. चित्रकार इग्नासिओ झुलोआगाच्या आडनावात तोच झुलो आहे, प्रत्यय फक्त वेगळा.

उत्तरेकडे मात्र फ्रेंच कारकुनाच्या हातात लेखणी होती. बास्क उच्चार कानावर पडेल तसा त्याने फ्रेंच अक्षरांत बसवला. ‘एता’ची ‘एत’ झाली, आणि ती फ्रेंचमधल्या लहानपण दाखवणाऱ्या प्रत्ययासारखीच दिसायला लागली. त्यामुळे सिलुएट हा जन्मजात फ्रेंच शब्द असावा असं कुणालाही वाटतं. खूण एकच राहिली. फ्रेंच लेखनात या शब्दाच्या मधोमध एक ‘एच’ बसलेला आहे, ज्याचा फ्रेंच माणूस उच्चार करत नाही. उत्तरेकडच्या बास्क बोलींनी ‘ह’ टिकवला, दक्षिणेकडच्यांनी सोडला. म्हणून स्पेनच्या झुलुएतात तो नाही आणि फ्रान्सच्या सिलुएटमध्ये आहे.

आता घराबद्दल. आपल्याकडे आडनावातला ‘कर’ गाव सांगतो. बास्क मुलुखात आडनाव घर सांगतं. गाव नव्हे, एक विशिष्ट घर, त्याच्या शेतासकट, कुरणासकट. एचेव्हेरी म्हणजे नवं घर, साल्हाबेरी म्हणजे नवा वाडा. नाव घराचं असायचं आणि त्यात राहणारी माणसं त्या नावाने ओळखली जायची. चर्चमधली बसायची आणि पुरायची जागासुद्धा घराची असे, आणि मेलेल्यांसाठी तिथे मेणवात लावायचं काम घरातल्या बाईचं. फ्रेंच आडनावात मधे आलेला ‘द’ पाहून उमरावपण गृहीत धरायची सवय असते. लाबूरच्या जुन्या नोंदींत साध्या शेतकऱ्याच्या नावातही हा ‘द’ सापडतो. त्याचा अर्थ एवढाच, की अमक्या घरचा.

या घरांचा वारसा कसा जायचा, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात मोलाचं वाटतं. लाबूरच्या रूढी 1514 साली लेखी झाल्या. साध्या रयतेच्या घरांत पहिलं मूल वारस ठरे, मग तो मुलगा असो की मुलगी. मुलगी वारस असली तर नवरा तिच्या घरी राहायला येई, आणि गावात त्याला त्या घराच्या नावाने हाक मारली जाई. घरजावई होण्यात कमीपणा नव्हता. घर मोडणं, वाटून टाकणं यात होता. धाकट्यांनी दर्यावर जावं, चर्चमध्ये जावं, नंतरच्या काळात अर्जेंटिना-उरुग्वेला जावं. घराचं नाव मात्र घरातच राहायचं आणि ते मुलीच्या हातूनही पुढे जायचं.

याचं एक उदाहरण आपल्या फार जवळ आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचं शव ठेवलेलं आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर नाव्हारातले बास्क होते. त्यांच्या वडिलांचं नाव हुआन दे हासो. आई मारिया दे आस्पिलकुएता; हाविएरचा किल्ला तिच्याकडून आला. 1506 साली त्याच किल्ल्यात जन्मलेल्या या मुलाने जगासमोर नाव लावलं ते आईच्या घराचं. हाविएर, म्हणजेच झेवियर, हे एचेव्हेरीचंच भावंड आहे: नवं घर. गोव्यात, वसईत ज्या-ज्या घरांत झेवियर हे नाव ठेवलं गेलं, त्या प्रत्येक ठिकाणी एका बास्क बाईच्या माहेरचं नाव आलं आहे.

अशा रूढींच्या मुलुखातून आर्नो द सिलुएट बाहेर पडले आणि लिमोजला राजाच्या करवसुलीच्या नोकरीत लागले. तिथे 1709 साली एतिएनचा जन्म झाला. मुलगा अभ्यासू होता. विशीत त्याने चिनी राज्यकारभार आणि नीतिविचार यांवर पुस्तक लिहिलं, स्पॅनिशमधून ग्रासिआन आणि इंग्रजीतून अलेक्झांडर पोपचा माणसावरचा पद्यनिबंध फ्रेंचमध्ये आणला. इंग्लंडचा पैशाचा कारभार त्याने जवळून पाहिला. ऑर्लियांच्या ड्यूकचा तो कारभारी झाला; फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीवर राजाचा प्रतिनिधी म्हणूनही त्याने काम केलं. हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवर फ्रान्सने 1756 साली हक्क सांगितला. त्या द्वीपसमूहाला मोरो द सेशेल या अर्थमंत्र्याचं नाव मिळालं आणि त्यातल्या सुमारे वीस चौरस किलोमीटरच्या एका डोंगराळ, हिरव्यागार बेटाला सिलुएटचं. लाबूरमधल्या एका घराचं नाव असं विषुववृत्ताजवळ जाऊन पोहोचलं.

मार्च 1759मध्ये पंधराव्या लुईने त्याला अर्थखात्याचा मुख्य नेमलं. मादाम द पाँपादूरचा त्याला पाठिंबा होता. सात वर्षांचं युद्ध ऐन भरात होतं आणि तिजोरीत खडखडाट. फ्रान्समधले मीठ, तंबाखू, जकात असे कर त्या काळी इजाऱ्याने दिलेले असत. मूठभर धनाढ्य इजारदार राजाला ठरलेली रक्कम द्यायचे, रयतेकडून जास्त वसूल करायचे आणि मधला नफा खिशात टाकायचे. सिलुएटने पहिला हात घातला तो तिथेच. इजारदारांच्या नफ्यातला अर्धा भाग काढून घेऊन त्याने त्यावर प्रत्येकी 1000 लिव्हरचे 72,000 रोखे काढले आणि लोकांना विकले. पैसा भराभर आला. मग दरबाऱ्यांच्या वर्षासनांना कात्री लागली. उन्हाळ्यापर्यंत पॅरिसमध्ये त्याचं कौतुक चाललं होतं.

सप्टेंबरात त्याने नवी करयोजना मांडली. जमीनदारांवर वाढीव कर आणि त्याबरोबर ऐषारामावर कर: नोकरचाकर ठेवणाऱ्यांवर, घोडागाड्यांवर, चैनीच्या वस्तूंवर. ज्यांच्याकडे आहे त्यांनी द्यावं, असा सरळ हिशेब. पॅरिसच्या न्यायसभेने अडवणूक केली. राजाने स्वतः पुढे होऊन हुकूम नोंदवून घेतला. पण विश्वास उडाला होता. ऑक्टोबरात सरकारला अनेक देणी थांबवावी लागली. श्रीमंतांनी घरातली चांदीची भांडी टांकसाळीत आणून द्यावीत असं आवाहन झालं, राजाने आपली भांडी पाठवली. नोव्हेंबर संपायच्या आत सिलुएटला जावं लागलं. जेमतेम आठ महिने.

याच ऑक्टोबरात पाँडिचेरीच्या फ्रेंच फौजेत थकलेल्या पगारासाठी बंड झालं, हा योगायोग नव्हे. तिजोरी एकच होती. पुढच्या जानेवारीत वांदीवाशच्या लढाईत सेनापती लालीचा पराभव झाला, आणि त्याने मोबदला देऊन बोलावलेलं मुरारराव घोरपड्यांचं मराठी घोडदळही त्याला उपयोगी पडलं नाही. फ्रेंचांचं भारतातलं वर्चस्व संपलं त्यामागे व्हर्सायच्या हिशेबवह्यांचा मोठा वाटा आहे.

मंत्री पडला आणि थट्टा सुरू झाली. खिसा नसलेल्या विजारी निघाल्या: ठेवायला पैसे नाहीत तर खिसा कशाला, म्हणून त्या ‘सिलुएट पद्धतीच्या’. नक्षी नसलेल्या साध्या लाकडाच्या तपकिरीच्या डब्या, त्याही सिलुएट. रंग, चित्रकाराची बिदागी काहीही न लागणारं, भिंतीवरच्या सावलीची रेघ मारून केलेलं काळं चित्र, तेही सिलुएट. तो स्वतःच आपल्या वाड्यात अशी चित्रं लावायचा, असंही सांगितलं जातं. विजारी आणि डब्या विसरल्या गेल्या, चित्रांना मात्र नाव चिकटलं. ही थट्टा कुणी केली हे लक्षात ठेवलं पाहिजे. खिशात पैसे असलेल्यांनी केली. मीठकराखाली पिचलेल्या शेतकऱ्याला खिसा नसलेल्या विजारीचं नवल वाटायचं कारण नव्हतं. सिलुएटच्या योजनेत उतावीळपणा होता, बाजाराच्या भरवशाचा त्याचा अंदाज चुकला. पण कर कुणी भरावा याबद्दल तो बरोबर होता. त्यानंतर तीस वर्षांनी हाच प्रश्न न सुटल्यामुळे राज्य कोसळलं.

एतिएन पॅरिसजवळच्या ब्री-स्युर-मार्न या गावी जाऊन राहिला आणि 1767 साली तिथेच वारला. शब्द पुढे चालत राहिला. माणसाच्या कपाळ-नाक-हनुवटीच्या रेषेवरून स्वभाव वाचता येतो असं मानणारा स्विस पाद्री लाव्हाटर याने 1770च्या दशकात आपल्या ग्रंथात सावलीचित्रांना मानाची जागा दिली आणि जर्मन घरांतून ती आवड पसरली. ऑग्युस्त एदुआर हा फ्रेंच कारागीर 1820च्या दशकात इंग्लंडमध्ये काळ्या कागदातून कात्रीने माणसं कापून देई. इंग्रजीत हा शब्द रुजवण्यात त्याचा हात मोठा. मग फोटो आला आणि कात्रीवाल्यांचा धंदा बसला. तो फोटो आणणारा लुई दागेर 1851 साली वारला तो याच ब्री-स्युर-मार्नमध्ये. गावच्या चर्चमध्ये त्याने रंगवलेला भव्य देखावा आजही पाहता येतो.

शब्द अशा रीतीने वाढत असताना आडनावाचं काय चाललं होतं?

फ्रान्समध्ये आडनावाला राज्यसत्तेने हळूहळू खिळे ठोकले. 1539च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या. 1792 साली नोंदवह्या चर्चकडून नगरपालिकांकडे आल्या. प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या वर्षीच्या, म्हणजे 23 ऑगस्ट 1794च्या कायद्याने सांगितलं, की जन्मदाखल्यावर आहे त्याहून वेगळं नाव कुणी लावायचं नाही. त्याच क्रांतीत लाबूरच्या स्वतंत्र रूढीही गेल्या; लाबूरचे प्रतिनिधी असलेल्या गारा बंधूंनी विरोध केला, पण त्यांचं काही चाललं नाही. आता घर बदललं तरी नाव बदलणार नव्हतं, आणि घरात आलेला जावई घराचं नाव घेणार नव्हता. कायद्याने लग्नानंतरही बाईचं जन्मनाव तिचंच राहिलं, ही चांगली गोष्ट. पण ते तिच्याबरोबर संपायचं. लग्नातून झालेल्या मुलांना लागायचं ते बापाचं.

याचा परिणाम काय होतो, हे एका फ्रेंच माणसाने 1845 साली गणिताने दाखवलं. इरेने-ज्यूल ब्येनेमे. तो अर्थखात्यात तपासनीस होता, म्हणजे सिलुएटच्याच खात्यातला. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगा असेल, तर ते आडनाव कधीतरी संपणारच, असं त्याने मांडलं. सरासरी एकाहून जास्त असेल तरच टिकून राहण्याची आशा. त्याच्याकडे लक्ष गेलं नाही. 1873 साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने तोच प्रश्न नव्याने विचारला, वॉटसन नावाच्या पाद्री-गणितज्ञाने 1874 साली उत्तर दिलं, तेही शेवटी चुकलेलं: सगळीच आडनावं संपणार, असं त्याने म्हटलं. ब्येनेमेचं टिपण संशोधकांच्या हाती लागायला 1970चं दशक उजाडलं.

आकडे मांडून पाहिले तर धक्का बसतो. दर पुरुषामागे सरासरी नेमका एक मुलगा धरा आणि कुणाला किती मुलगे होणार हे निव्वळ योगायोगावर सोडा. एका माणसापासून निघालेली आडनावाची शाखा पहिल्याच पिढीत खुंटण्याची शक्यता सुमारे 37 टक्के येते, आणि पाचव्या पिढीपर्यंत सुमारे 73 टक्के. कुणी मेलं नाही, साथ आली नाही, दुष्काळ पडला नाही. मुली झाल्या, एवढंच. हजारो घरांत असलेल्या मार्तीं या आडनावाला, जे फ्रान्समध्ये सर्वांत जास्त लोकांचं आहे, याची झळ लागत नाही. पाचदहा घरांच्या आडनावाला मात्र ती थेट लागते.

त्यात पहिलं महायुद्ध आलं. तेरा-चौदा लाख फ्रेंच सैनिक गेले, त्यांत लग्न न झालेले किती तरी तरुण. आडनावंच पुसली जाताहेत हे संसदेला इतकं जाणवलं, की 2 जुलै 1923 रोजी कायदा झाला: देशासाठी मेलेला माणूस जर आपल्या घराण्यातला शेवटचा पुरुष असेल, तर नातेवाइकाला त्याचं आडनाव आपल्या नावाला जोडून घेता येईल. कोरड्या कायद्याच्या भाषेत असं दुःख क्वचितच उमटतं.

फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से हिने जन्मनोंदींवरून आडनावांची मोजदाद केली आहे; त्यावरून तयार झालेल्या याद्यांत 1891 ते 1990 या शंभर वर्षांचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार टप्पे पाडलेले असतात आणि कुठल्या जिल्ह्यात किती जन्म झाले ते कळतं. देशात दहा लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं आहेत. इतक्या भाषा, इतक्या बोली, त्यावर कारकुनांचं मनमानी लेखन आणि बाहेरून येऊन वसलेली माणसं, यामुळे युरोपात इतकी विविधता क्वचितच दिसते. पण यातली बहुसंख्य आडनावं मूठभर लोकांची आहेत. याद्या वाचताना एक सावधगिरी हवी. तो आकडा जन्मांचा असतो, आज हयात असलेल्यांचा नव्हे. आणि त्यात मुलीही मोजलेल्या असतात, ज्यांच्या पुढे ते आडनाव जाणार नव्हतं. दुर्मीळ आडनावासमोर दिसणारा आकडा म्हणूनच नेहमी दिलासा देणारा वाटतो, आणि खरी परिस्थिती त्याहून नाजूक असते.

स्पेनमध्ये माणूस बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतो. त्यामुळे आईचं नाव निदान एक पिढी जास्त जगतं, डोळ्यांसमोर राहतं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकाच मुळाची दोन आडनावं. दक्षिणेचं फोफावलं, उत्तरेचं आक्रसलं. याला वस्तीचा आकार, अमेरिकेकडे गेलेली माणसं अशी इतरही कारणं आहेत. तरी आईच्या नावाला कागदावर जागा असणं-नसणं हे मला त्यातलं मोठं कारण वाटतं.

फ्रान्सने हे दार उशिरा उघडलं. 1993 साली दिवाणी कायद्याच्या 61व्या कलमात आडनाव बदलण्याची रीत सोपी झाली आणि त्यात एक कारण नाव घेऊन लिहिलं गेलं: पूर्वजाचं किंवा नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या नातलगाचं आडनाव नामशेष होण्यापासून वाचवणं. आडनाव मरू नये, ही इच्छा कायद्याने वैध मानली. 2002 साली कायदा झाला आणि 1 जानेवारी 2005 पासून जन्मलेल्या मुलाला आईचं, बापाचं किंवा दोघांचं आडनाव देता येऊ लागलं. तरीही 2014 साली जन्मलेल्या दहांपैकी आठांहून अधिक मुलांना एकट्या बापाचंच लागलं. दोनशे वर्षांची सवय एका कायद्याने जात नाही. तरी हाच कायदा दुर्मीळ आडनावांसाठी सर्वांत उपयोगाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. लाबूरच्या शेतकऱ्यांनी 1514 साली जे लिहून ठेवलं होतं, की वारस मुलगीही असू शकते, तिकडे फ्रान्स निदान नावापुरता परत आला.

1 जुलै 2022 पासून आणखी एक पाऊल पुढे पडलं. सज्ञान झालेल्या कुणालाही आता कारण न सांगता आईचं आडनाव घेता येतं, किंवा बापाच्या नावाला जोडता येतं. नगरपालिकेत अर्ज द्यायचा, एक महिना थांबायचं आणि मग स्वतः जाऊन होकार कळवायचा. पैसे पडत नाहीत. आयुष्यात एकदाच करता येतं. आणि असा अर्ज करणाऱ्याला तेरा वर्षांखालची मुलं असतील, तर ते आडनाव त्यांनाही आपोआप लागतं.